कारभारी हिशेब कोणाला देतो?

धर्म आणि पर्यावरण असा विषय घेतला की आपल्या संशोधन आराखड्यात पहिला संदर्भ ठरलेला असतो: लिन व्हाइट यांचा ‘सायन्स’मधला १९६७चा लेख. निसर्गावर माणसाची सत्ता ही धारणा पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने रुजवली, असं त्यांचं म्हणणं. पण तोच लेख शेवटी असिसीच्या संत फ्रान्सिसकडे वळतो, हे आपल्यापैकी किती जण लिहितात?

व्हाइटना उत्तर देणारे बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवतात: माणूस मालक नाही, बाग राखणारा कारभारी आहे. उत्तर चांगलं, पण अपुरं. मराठीत तर घरधन्यालाही कारभारी म्हणतात! हिशेब मागणारं कोणी नसेल, तर कारभारी आणि मालक यांत फरक काय उरला?

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ (२०१५) हा धागा शरीरापर्यंत नेतं. शरीर ही आपली मालमत्ता मानणारा माणूस नकळत सृष्टीलाही तसंच वागवतो, असा त्याचा युक्तिवाद. पटतो, पण तपासायचा कुठे?

वसईत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीत लोकांनीच बांधकामांचा आणि पाण्याचा हिशेब मागितला. किनाऱ्यालगत बेसुमार उपसा झाला की विहिरीत खारं पाणी शिरतं. मग जमीन आणि शरीर हे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

म्हणून वसईला शेवटच्या प्रकरणात ‘उदाहरण’ म्हणून टाकू नका. सिद्धान्ताची परीक्षा तिथेच आहे.