५०० हा आकडा कुठून आला?
शालेय मायक्रोकंट्रोलर प्रकल्पांची चिकित्सा

शालेय विज्ञान प्रदर्शनांत गेली काही वर्षे एक प्रकल्प हमखास आढळतो. कुंडीतल्या मातीत दोन दात्यांचा धातूचा काटा रोवलेला असतो. त्याच्या तारा आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडलेल्या असतात. माती सुकली की पंप आपोआप सुरू होतो आणि झाडाला पाणी मिळते. पाहुणे खूश होतात, पालक कौतुक करतात. या कौतुकात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. प्रोग्राममध्ये ‘वाचन ५००पेक्षा जास्त आले तर पंप चालू कर’ अशा अर्थाची एक ओळ असते. हा ५०० आकडा कुठून आला?

‘संचासोबतच्या पुस्तिकेतून’ हेच उत्तर बहुतेक वेळा मिळते. या एका आकड्याच्या निमित्ताने अशा प्रकल्पांत विज्ञान किती आणि जोडणी किती, हे तपासून पाहू.

प्रथम या साधनाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. १९८०मध्ये इंटेल कंपनीचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर बाजारात आला. त्यानंतर बरीच वर्षे अशा चिपवर हात बसवायचा तर खटाटोप मोठा होता. प्रोग्राममध्ये चूक झाली की स्मृतीची चिप काढायची, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवून पुसायची आणि पुन्हा भरायची. २००५मध्ये इटलीतल्या इव्रिया गावच्या एका संस्थेत आर्डुइनोचा जन्म झाला आणि हा खटाटोप संपला. संगणकाला एक तार जोडली की काही सेकंदांत प्रोग्राम चिपमध्ये उतरतो. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्याने स्वस्त प्रतिकृतीही मिळू लागल्या. ही सोय साधी नव्हे. पण जोडणी सोपी झाली म्हणून मोजमाप सोपे झाले, असे मात्र नाही.

आर्डुइनो युनो हा बोर्ड ० ते ५ व्होल्ट हा विद्युतदाब १०२४ पायऱ्यांत विभागतो. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. म्हणजे ५०० हे वाचन सुमारे २.४ व्होल्ट दर्शवते, इतकेच. त्याचा पाण्याशी थेट संबंध नाही. काटा मोजतो तो दोन दात्यांमधल्या मातीचा विद्युतरोध. माती ओली असेल तर रोध कमी होतो आणि बहुतेक जोडण्यांत आकडा खाली येतो. परंतु वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन. शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे. तेव्हा हा काटा पाणी आणि क्षार या दोहोंचा एकत्रित परिणाम मोजतो. त्यातला पाण्याचा वाटा किती, हे तो सांगू शकत नाही.

कोकणात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. कुडाळ तालुक्यातले वालावल हे गाव कर्ली नदीच्या काठी आहे. लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारी गोड्या पाण्याचे तळे आहे, तर नदीच्या पात्रात भरतीबरोबर, विशेषतः पावसाळा सरल्यावर, खारे पाणी आत शिरते. एकाच गावात जांभ्याची माती, तळ्याकाठची माती आणि खाडीलगतची खार माती असे नमुने मिळतात. या सर्वांना ५०० हा एकच आकडा कसा लागू पडेल?

शिक्षकांनी पुढील प्रयोग वर्गात जरूर करावा. चार सारख्या वाट्यांत धुतलेली कोरडी वाळू प्रत्येकी २०० ग्रॅम घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत ३० मिलिलिटर पावसाचे पाणी घाला. तिसरीत तितकेच, पण मीठ विरघळवलेले पाणी घाला. चौथीत मिठाचे पाणी फक्त १० मिलिलिटर घालून नीट कालवा. आता काटा सारख्या खोलीवर रोवून चारही वाचने घ्या. दर वेळी काटा धुऊन पुसायला विसरू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीत पाणी सारखेच असूनही आकडे निराळे येतील. चौथ्या वाटीत पाणी दुसरीच्या एक तृतीयांश आहे, तरी यंत्र तिलाच अधिक ‘ओली’ ठरवील.

याचा परिणाम काय होतो पाहा. खार मातीत यंत्राला माती ओलीच वाटत राहते आणि पंप सुरूच होत नाही. मातीतील क्षार वाढले की परासरणामुळे मुळांना पाणी ओढून घेणे अवघड जाते, हे आपण जीवशास्त्राच्या तासाला शिकवतो. म्हणजे ज्या झाडाला गोड्या पाण्याची गरज अधिक, नेमके त्यालाच हे यंत्र पाणी नाकारते. रासायनिक खत घातल्यावरही असाच घोटाळा होऊ शकतो. शिवाय दात्यांतून सतत एकाच दिशेने प्रवाह गेल्यास विद्युत-अपघटनाने एक दात झिजतो आणि काही आठवड्यांत तीच माती निराळा आकडा देऊ लागते. दोन दिवसांच्या प्रदर्शनात हे दिसत नाही, बागेत मात्र दिसते.

बागायतदार मूठभर माती दाबून पाहतो. ढेकूळ होते की भुगा, हे पाहून शिंपण करायचे की नाही ते ठरवतो. त्याच्या मुठीला मिठाने फसवणे कठीण. पडद्यावर आकडा दिसतो म्हणून घरच्या माणसाचे अनुभवाचे बोल खोटे, असा समज विद्यार्थ्याच्या मनात रुजला तर त्या प्रकल्पाने विज्ञान शिकवले असे म्हणता येणार नाही. मूठ आणि आकडा यांत मतभेद झाला, तर दोन्ही तपासण्याची पद्धत त्याला यायला हवी.

ती पद्धत अवघड नाही आणि तिला तराजू पुरतो. आपल्याच बागेतली माती वाळवून, वजन करून तिचे पाच भाग करावेत. त्यांत वजनाच्या ०, ५, १०, १५ आणि २० टक्के पाणी मिसळावे. प्रत्येकाचे वाचन तीनदा घेऊन आलेख काढावा. कोणत्या ओलाव्याला रोप कोमेजू लागते, हे दुसऱ्या कुंडीत पाहावे. मग जो आकडा निघेल तो ३८० असो वा ६२०, तो विद्यार्थ्याचा स्वतःचा असेल. काट्याला वीज फक्त वाचनापुरती द्यावी, म्हणजे झीज कमी होते.

हीच कसोटी इतर प्रकल्पांनाही लावता येते. डीएचटी-११ हा निळा संवेदक ९० टक्क्यांपर्यंतच आर्द्रता मोजण्यासाठी बनवलेला आहे, तोही पाच टक्के इकडेतिकडे धरून. सिंधुदुर्गात आषाढ-श्रावणात हवा अनेकदा याच्या पलीकडे जाते, तरी पडद्यावर आकडा दिसतच राहतो. अंधार पडला की लागणारा दिवा तर एक प्रकाशरोधक, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रोध यांतही होतो. तिथे मायक्रोकंट्रोलर वापरणे म्हणजे सुपारी फोडायला घण आणणे होय.

मग मायक्रोकंट्रोलर हवा कुठे? जिथे मोजत राहायचे, वेळ सांभाळायची आणि लक्षात ठेवायचे असते, तिथे. कर्लीच्या काठी पाण्याची पातळी दर १० मिनिटांनी रात्रभर नोंदवायला माणूस बसू शकत नाही, चिप बसू शकते. युनोच्या कायम स्मृतीत १०२४ बाइट मावतात. एका नोंदीला एक बाइट धरला तर ० ते २५५ सेंटिमीटर अंतर नोंदवता येते आणि दिवसाच्या १४४ नोंदी सात दिवस पुरतात. दोन भरत्यांमधले सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर त्या आलेखात दिसायला हवे. इथेही आकडे तपासावेच लागतील. अंतर मोजणारा ध्वनिसंवेदक वापरताना पुस्तिकेतले सूत्र ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरते. ३० अंशांना तो सुमारे ३४९ असतो, म्हणजे दोन मीटरवर पाच सेंटिमीटरची चूक. चिपचे घड्याळ अर्धा टक्का चुकले तर दिवसाला सात मिनिटे जातात. या चुका शोधण्यातच भौतिकशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम येतो.

२०१६पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि अशी साधने लहान गावांतही पोहोचली. हे स्वागतार्हच आहे. पण संचांबरोबर चांगला तराजू, तापमापक आणि आलेखाची वही प्रयोगशाळेत आहे का, हेही पाहावे. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावाच्या खऱ्या गरजेचे काम करता करता शिकावे, हे त्याचे सूत्र. तिथे बनवलेली वस्तू वापरणाऱ्याच्या हाती जाते, आणि तीच तिची परीक्षा ठरते. प्रदर्शनातल्या कुंडीला ही परीक्षा द्यावी लागत नाही.

पुढच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसणाऱ्या शिक्षकांनी प्रत्येक प्रकल्पाला तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा नेमके काय मोजतो? तो बरोबर आहे हे कशावरून तपासले? यंत्र केव्हा चुकेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याचा पंप त्या दिवशी चालला नाही, तरी त्याला पहिला क्रमांक द्यायला हरकत नसावी.