गोष्ट आवडली, मग मी का दचकलो?

मागच्या अंकात माझी गोष्ट आली. तिला गोष्ट म्हणायचं की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. कथानक नाही. तिसऱ्या पाळीत एक पोरगा रिंग फ्रेमवर तुटलेले धागे सांधतो, आणि मेलेली आजी त्याच्याशी बोलते. कोण कधी बोलतंय याचा पत्ता लागत नाही, कारण अवतरणचिन्हं मी काढूनच टाकलेली. वर्षभर ती वही ट्रंकेत पडून होती. मोर्चाला निघालेल्या पोरांच्या हातात माझी आजी कुठं देऊ? अंकात दोन पानं रिकामी राहिली म्हणून दिली. आणि भीतीपोटी शेवटी एक परिच्छेद चिकटवला : पोरगा मूठ वळतो, भोंगा होतो, सूर्य उगवतो वगैरे.

आमच्या खात्यातल्या एका मामांनी जेवणाच्या सुट्टीत अंक वाचला. सातवी शिकलेला माणूस. बाबासाहेबांचं चरित्र सोडलं तर पुस्तकाच्या वाटेला जात नाही. म्हणाले, "आजी बोलती ते खरंय. माझी आई बी मला साच्याच्या आवाजात अशीच ऐकू येती. पण शेवटाला सूर्य कुठनं आणलास लेका? आठला सुटतो आपण. तवा तो कासराभर वर आलेला असतोय."

मी गप्प. जे त्यांना कळणार नाही म्हणून घाबरलो, ते त्यांना कळलं. जे खास त्यांच्यासाठी घातलं, ते त्यांनी काढून टाकलं. वस्तीतल्या एका मावशींनी तर पोरीकडून ती दोनदा वाचून घेतली म्हणे.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आधी आश्चर्य वाटलं, आणि त्या आश्चर्याचीच मला लाज वाटते. दलित लेखनात नुसता अनुभव असतो, रूपाचं भान नसतं, असं कुणी प्रस्थापित समीक्षक म्हणाला की आपण चवताळतो. वही ट्रंकेत ठेवताना मी तरी आपल्या माणसांबद्दल काय वेगळं म्हणत होतो?

मित्रांनो, 'बलुतं' परत काढून बघा. १९७८ साली ग्रंथालीनं छापलं. बोलणं झालं ते महारवाड्याबद्दल, भुकेबद्दल, मुंबईतल्या कावाखान्याबद्दल. ते रास्तच. पण त्याची मांडणी बघा की! एका बाजूला शिकलेला, लिहिणारा दया पवार, दुसऱ्या बाजूला दगडू मारुती पवार. माणूस एकच. दगडू सांगतो, दया ऐकतो. आत्मकथा लिहिणारे सरळ 'मी' म्हणून सुरू करतात. हा आधी स्वतःचे दोन तुकडे करतो. ही कसरत नव्हे. शिकून पांढऱ्या कपड्यात आलेल्या माणसाला मागं राहिलेल्या दगडूच्या डोळ्याला डोळा द्यायचा, तर दुसरा कुठला रस्ता होता? आणि आडनाव सांगताना ज्याची जीभ एकदा तरी अडखळलीय, त्याला ही दोन माणसं समजावून द्यावी लागत नाहीत. आपल्यातल्याच काहींना हे उघडं पडणं रुचलं नाही. त्यांची टर उडवू नये. ती भीती माझ्या ट्रंकेतही होती.

त्याच्याही आधी, १९६३ ला, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. त्या नावाच्या कथेत रेल्वेतला कामगार जात लपवून राहतो. शेजारी जात न लपवणारा, अंगावर येणारा काशिनाथ आहे. घोषणा हवी असती तर कथा काशिनाथच्या तोंडी दिली असती. बागुलांनी ती चोरणाऱ्याच्या तोंडी दिली. म्हणूनच वाचताना घाम फुटतो.

याचा अर्थ अवतरणचिन्हं काढली की साहित्य झालं, असा नाही. माझ्याच गोष्टीत आजी एका जागी 'अस्तित्व' म्हणते. माझ्या आजीनं जन्मात हा शब्द उच्चारला नव्हता. तो माझा, चार पुस्तकं वाचल्याचा माज. मामांनी तो सोडून दिला, मावशींनी मात्र पकडला : "ही म्हातारी मधीच मास्तरीण कशी झाली रं?"

गोष्ट परत लिहिलीय. सूर्य काढला, 'अस्तित्व' काढलं. मामांना दाखवली. म्हणाले, "आता संपल्यावानी वाटत न्हाई." मी विचारलं, मग काय करू? तेवढ्यात सुट्टी संपली आणि मामा साच्यावर गेले.