थांबता येणारं गाणं

मागच्या डिसेंबरात ऑफिसच्या कामासाठी म्युनिकला गेले होते. एका शनिवारी ट्रेनने साल्झबुर्ग गाठलं आणि तिथल्या एका दुकानातून दोन म्युझिक बॉक्स घेतले. बॉक्स आपलं म्हणायचं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पुठ्ठ्याची डबी, आत एक छोटं यंत्र आणि बाहेर आलेलं वाकडं हँडल. हँडल फिरवलं की ‘स्टिल्ले नाख्ट’ वाजतं, म्हणजे आपल्याला ‘सायलेंट नाइट’ म्हणून माहीत असलेलं नाताळचं गाणं. एक बॉक्स ताईच्या मुलीसाठी होता, एक माझ्यासाठी.

परत आल्यावर एक मित्र म्हणाला, “अगं, हेच गाणं यूट्यूबवर लूपवर लावून ठेव की. फुकट!” तेव्हा मला त्याला काही उत्तर देता आलं नाही. मग मी हे खेळणं एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग ऐकावं तसं ऐकायला लागले. हा कसा गातो? याला काय जमतं, काय जमत नाही?

आधी गाण्याविषयी. शब्द १८१६चे, योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने मारियाफार गावात लिहिलेले. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपली होती आणि तंबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर युरोपात उन्हाळाच न आलेलं ते वर्ष. पिकं बुडाली होती. अशा वर्षी कुणीतरी शांत झोपलेल्या बाळावर कविता लिहिली, हे मला त्या कवितेइतकंच महत्त्वाचं वाटतं. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ला, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फमध्ये मोरने ती फ्रान्झ ग्रुबरला दिली आणि चाल मागितली. ग्रुबर शेजारच्या गावातला शाळामास्तर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. त्याच रात्री दोघांनी ती गायली. गिटार मोरच्या हातात होती.

चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी एक लाडकी गोष्ट आहे. ग्रुबरने १८५४मध्ये स्वतः लिहिलेल्या हकिकतीत मात्र उंदीर नाहीत. ही हकिकत त्याला लिहावी लागली, कारण तोवर गाणं त्याच्या हातातून निसटलं होतं. टायरोलच्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव नेलं, १८३९मध्ये थेट न्यूयॉर्कपर्यंत. वाटेत चालही थोडी बदलली आणि बर्लिनहून विचारणा झाली, की ही रचना मिखाएल हायडनची तर नव्हे? माझ्या डबीवरही ना मोरचं नाव आहे, ना ग्रुबरचं.

आता यंत्र. ते गाण्याहून जुनं आहे. १७९६मध्ये जिनिव्हातल्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने छोट्या घंटांऐवजी सुरात लावलेल्या पोलादी पट्ट्या वापरायची कल्पना काढली. माझ्या डबीत याच पट्ट्यांची फणी आहे. मोजून अठरा दात. समोर एक सिलिंडर, त्यावर बारीक उंचवटे. सिलिंडर फिरला की उंचवटा दाताला उचलतो, सोडतो आणि दात थरथरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर उंचवटे म्हणजे डेटा, फणी म्हणजे हार्डवेअर आणि क्लॉक म्हणजे तुमचा हात.

अठरा दात पुरतात का? मी पेटीवर चाल काढून बघितली. आज गातात ती चाल मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत जाते आणि वाटेतला प्रत्येक शुद्ध स्वर वापरते. असे झाले अकरा. उरले सात. एवढ्यात साथ भागवायची, शिवाय एकच स्वर लागोपाठ दोनदा येतो तिथली अडचण सोडवायची. थरथरणाऱ्या दाताला पुढचा उंचवटा टेकला की आधीचा आवाज चिरडतो, म्हणून पुष्कळदा एकाच सुराचे दोन दात ठेवावे लागतात. मग साथीसाठी राहतं काय? मधेच एखादा खालचा सूर, गिटारची एक तार छेडल्यासारखा. एवढ्यावर हा बॉक्स मोरच्या गिटारची आठवण करून देतो. हातात धरून वाजवला तर तो कुजबुजतो. लाकडी टेबलावर दाबून धरला तर सगळं टेबल गायला लागतं.

पण गायक म्हणून याच्या मर्यादा मोठ्या आहेत. उंचवटा दाताला दरवेळी तेवढाच उचलतो, त्यामुळे लहानमोठा आवाज नाही. सूर लांबवता येत नाही. चाल शेवटाकडे सगळ्यात वर चढते, तिथे चांगली गायिका आवाज उलट हळुवार करते. बॉक्स तो सूर बाकीच्यांसारखाच टिंग करून मोकळा होतो. आणि शब्द तर नाहीतच. ऑफिसातल्या वसईच्या मित्राला ऐकवलं तेव्हा तो मान हलवत म्हणाला, “हे अर्धंच आहे.” त्याच्या चर्चमध्ये हे गाणं मराठीतून गातात. मी हँडल फिरवत होते आणि तो ओठातल्या ओठात शब्द म्हणत होता. त्याच्यासाठी ती रात्र शांत आहे, कारण त्या रात्री कुणीतरी जन्माला आलंय. माझ्यासाठी ती नुसती अंगाई. सहा मात्रांचा झोका, आपल्या दादऱ्यासारखा. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. बॉक्स गाण्यातली श्रद्धा गाळतो आणि झोका ठेवतो.

मग याच्याकडे आहे काय? लय. चावीच्या म्युझिक बॉक्समध्ये वेग धरून ठेवायला एक छोटा पंखा असतो, स्प्रिंग कितीही उतावीळ झाली तरी तो तिला आवरतो. हँडलच्या बॉक्सला असं काही नसतं. हात अडखळला की गाणं अडखळतं. आणि गंमत म्हणजे सूर बिघडत नाही. कॅसेट हळू फिरली की आवाज घोगरा व्हायचा. इथे प्रत्येक दात आपल्या सुरात पक्का असतो, तुम्ही कितीही रेंगाळा. त्या सगळ्यात वरच्या सुरापाशी बॉक्सला हळुवार होता येत नाही. मला तिथे पोचायला उशीर करता येतो.

दुसरी गोष्ट मला बऱ्याच दिवसांनी कळली. सिलिंडरवर जागा इतकी कमी, की शेवटचा सूर संपतो न संपतो तोच पहिला सुरू होतो. मधे श्वासाएवढीही फट नाही. शांततेवरचं गाणं, आणि सिलिंडरवर शांततेलाच जागा ठेवलेली नाही! आधी मी हा दोष म्हणून लिहून ठेवला होता. लूपवरच्या व्हिडिओतही तो असतोच, आणि तिथे तो दोषच आहे, कारण ते गाणं माझ्याशिवाय चालू राहतं. मी झोपले तरी, खोलीबाहेर गेले तरी. इथे मी थांबले की गाणं थांबतं. शेवटचा सूर हवेत विरेपर्यंत हँडल धरून ठेवायचं की नाही, हे मी ठरवते. ओबर्नडोर्फच्या त्या रात्रीही गाणाऱ्यांना दोन कडव्यांमध्ये श्वास घ्यावा लागला असणारच.

ताईकडे दिलेल्या बॉक्सने माझा हा सिद्धांत तपासून दिला. भाची तेव्हा पाच महिन्यांची. खरं सांगायचं तर ती फोनवरच्या अंगाईनेही तेवढीच झोपायची, बॉक्सने काही जादू केली नाही. फरक ताईत होता. फोन लावला की ती दुसऱ्या हाताने मेल बघायची. हँडल फिरवताना तिला बाळाकडे बघावंच लागायचं, कारण कधी थांबायचं ते तिकडूनच कळणार होतं. डोळे मिटायला लागले की तिचा हात आपोआप मंदावायचा. दोन सुरांमधलं अंतर वाढत जायचं. मग एक सूर यायचा आणि पुढचा यायचाच नाही. त्या घरात हे गाणं शेवटपर्यंत फार क्वचित वाजलंय. आणि तरी ते अर्धवट राहिलं असं मला एकदाही वाटलं नाही.

मित्राला आता उत्तर देऊ शकेन. पण परवा ताईकडे गेले तर बॉक्स भाचीच्या ताब्यात होता. आता ती दीड वर्षाची आहे. ताई डबी टेबलावर दाबून धरते आणि ही हँडल गरागरा फिरवते. अंगाईचं पार लेझीम होतं. मग एकदम हात काढते. आवाज बंद. ती डबीकडे बघते, स्वतःच्या हाताकडे बघते, आणि परत हँडल धरते.