हाक आणि ओ : एका ग्रंथाच्या निमित्ताने

आजची तरुण पिढी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटे फिरवते आणि तेवढ्यानेच लोकसेवा घडल्याचे समाधान मानते, असा आक्षेप वडीलधाऱ्यांच्या बैठकीत वारंवार ऐकू येतो. चौकातील सभांचा काळ सरला, लोकमत आता पडद्यावरच घडते, असे तरुणही तितक्याच आग्रहाने सांगतात. या दोन्ही मतांची परीक्षा पाहणारा ग्रंथ म्हणून समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकची यांच्या ‘ट्विटर अँड टिअर गॅस’ (२०१७) या पुस्तकाचा परामर्श घेणे उचित ठरेल.

लेखिका मूळच्या तुर्कस्तानच्या. इस्तंबूलच्या गेझी उद्यानातील २०१३ च्या आंदोलनात त्या स्वतः वावरल्या. त्यामुळे त्यांच्या विवेचनाला प्रत्यक्षाचा आधार आहे. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे : २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोक जमले. त्यामागे बेयार्ड रस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली वाहने, शिदोरी, ध्वनिक्षेपक यांची कष्टाची जुळवाजुळव होती. त्या जुळवाजुळवीतच एकत्र काम करण्याची, मतभेद सोसण्याची आणि निर्णय घेण्याची सवय मुरली होती. मोर्चा ही त्या सामर्थ्याची केवळ खूण होय. आज तेवढाच समुदाय थोड्या दिवसांत गोळा होतो, पण ती सवय त्याच्या अंगी नसते. गेझी येथे सरकारशी बोलण्याची वेळ आली तेव्हा सर्वांच्या वतीने कोणी बोलावे, हाच पेच पडला. शेर्पांच्या साहाय्याने उंच चढलेला नवखा गिर्यारोहक संकट येताच गांगरतो, ही लेखिकेची उपमा समर्पक आहे. आपल्याकडे जत्रेची पालखी सर्वांना दिसते. समयांचे तेल, प्रसादाचा शिधा आणि हिशेबाची वही सांभाळणारे हात मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडतात. लेखिकेला अभिप्रेत आहेत ते हे हात.

तथापि, त्या पडद्याला हिणवीत नाहीत, हे विशेष. नोव्हेंबर २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात जखमींसाठी तात्पुरती रुग्णालये उघडली, तेव्हा त्यांना औषधे पोहोचविण्याची व्यवस्था चार तरुणांनी मुख्यतः ट्विटरवरून केली. या कामाला पोकळ कोण म्हणेल ?

हाच निकष आता आपल्या मोलेच्या अरण्याला लावून पाहू. रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० च्या टाळेबंदीच्या काळात गोव्यातील तरुणांनी पडद्यावरून आवाज उठविला. चित्रे काढली, गाणी रचली. एवढ्यावरच सारे थांबले असते, तर वडीलधाऱ्यांचा आक्षेप खरा ठरला असता. परंतु शास्त्रज्ञ, विद्यार्थी, वास्तुशिल्पी यांनी अधिकाऱ्यांना तपशीलवार पत्रे लिहिली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो लोक रेल्वेमार्गापाशी जमले. त्यांत कोळशाच्या वाहतुकीशी कित्येक वर्षे झगडत आलेले ग्रामस्थही होते. गोवा फाउंडेशनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे लढविला आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द ठरविली. निकाल रेल्वेमार्गापुरताच होता. आणि तो चित्रांच्या सौंदर्यावर नव्हे, तर कागदपत्रे व पर्यावरणीय पुरावा तपासून दिला गेला.

येथेच या ग्रंथाची उणीव जाणवते. लेखिकेची दृष्टी महानगरांच्या विशाल चौकांवर खिळलेली आहे. ज्या लहान संस्थांतून नागरिकत्वाचा रोजचा सराव घडतो, त्यांच्याकडे ती फारशी वळत नाही. चांदरला हाकेला ओ मिळाली, कारण ओ देणारी माणसे तेथे आधीच एकमेकांना ओळखत होती. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्ध उभे राहिलेले गोवा बचाव अभियान अनेकांच्या स्मरणात होते. पडद्याने ही भूमी निर्माण केली नाही. तिच्यापर्यंत नवी माणसे तेवढी आणून पोहोचविली. तेव्हा तरुणांची धाव उथळ की सखोल, हे केवळ त्यांच्यावर अवलंबून नसते. ती कोठे जाऊन टेकते, यावरही ते ठरते.

आमच्या मते दोषाचा मोठा वाटा आपणां वडीलधाऱ्यांकडे येतो. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण ‘तू अजून लहान आहेस’ म्हणून खाली बसवतो. इतिवृत्त कसे वाचावे, हरकतीचा अर्ज कसा लिहावा, जमाखर्च कसा तपासावा, हे त्याला कोणी शिकवीत नाही. मग तो पडद्याकडे वळला की त्यालाच बोल लावतो. ज्या दारातून त्याने आत यावे ते दार आपणच ओढून घेतलेले असते.

ग्रंथाचा उत्तरार्ध काहीसा पाल्हाळिक आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तो तरीही नेटाने वाचावा. आणि वाचून झाल्यावर आपल्या गावच्या पुढल्या ग्रामसभेला घरातील एखाद्या तरुणाला सोबत न्यावे, त्याला बोलू द्यावे आणि तो बोलत असता स्वतः ऐकावे.