प्रश्नरचना : अरबी, इंग्रजी आणि मातृभाषेवरील आरोप

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने 'व्हेअर यू लिव्ह?' असे विचारले की त्या चुकीचे खापर मातृभाषेवर फोडण्याची आपल्या अध्यापनात रीतच आहे. कोपरीसारख्या परिसरात मराठी, हिंदी, सिंधी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. तेथे प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे उत्तरपत्रिकांच्या समासात 'मातृभाषेचा प्रभाव' असाच शेरा दिला. अरबीची प्रश्नरचना शेजारी ठेवून पाहता हे निदान टिकत नाही.

इंग्रजीत असा प्रश्न करताना दोन क्रिया घडतात. प्रश्नवाचक शब्द वाक्यारंभी येतो आणि साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी सरकते. ते नसल्यास 'डू' योजावे लागते. अरबीत पहिली क्रिया आहे, दुसरी नाही. 'यस्कुनु झैद हुना' (झैद येथे राहतो) या विधानाचा प्रश्न 'ऐना यस्कुनु झैद?' असा होतो. क्रियापद कर्त्यापूर्वी आहे खरे, पण विधानातही ते तेथेच होते. होकार-नकाराच्या प्रश्नात तर आरंभी 'हल' हे अव्यय ठेवले की काम भागते. (हिंदीतील 'क्या' आठवावे.)

मराठीला या दोहोंपैकी एकाही क्रियेची गरज नाही. 'तो ठाण्यात राहतो', 'तो कुठे राहतो?' येथे प्रश्नवाचक शब्द उत्तराच्याच जागी बसतो. मराठीचीच छाया पडली असती तर विद्यार्थी 'यू व्हेअर लिव्ह?' म्हणाला असता. 'व्हेअर' आरंभी नेणाऱ्याने मराठीचा क्रम सोडलेला असतो. तो अडतो दुसऱ्या नियमापाशी. मराठीत 'डू' नाही म्हणूनच तो अडतो, असा आक्षेप येईल. परंतु इंग्रजी हीच मातृभाषा असलेली बालकेही काही काळ प्रश्नवाचक शब्द आरंभी आणतात व पुढचा क्रम विधानाचाच ठेवतात, हे क्लिमा आणि बेलुगी यांनी १९६६ मध्येच दाखवले आहे. शिवाय 'डू'ची ही सक्ती इंग्रजीतही उशिराची आहे. शेक्सपिअरच्या काळी मूळ क्रियापद कर्त्याआधी ठेवूनही प्रश्न विचारता येत असे.

मराठीचा शब्दक्रम सैल, तो कसाही चालतो, हा समजही तपासून घ्यावा. 'तू आलास का?' आणि 'तू का आलास?' यांत शब्द तेच. एकाला 'हो' म्हणून सुटता येते, दुसऱ्याला कारण द्यावे लागते. अरबीत या दोन कामांना 'हल' आणि 'लिमाझा' असे वेगळे शब्द आहेत. क्रमाचे मोल मराठी मुलाला घरूनच ठाऊक असते; वर्गात त्याचा उपयोग कोणी करून घेत नाही.

प्रश्नपत्रिकेतील 'प्रश्नार्थी करा' या प्रकारात मात्र 'व्हेअर यू लिव्ह?' आणि 'यू व्हेअर लिव्ह?' या दोन्ही उत्तरांना सारखेच शून्य मिळते.