आगरकरांचा अज्ञेयवाद
सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांना समकालीनांनी सरसकट नास्तिक ठरविले. सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. हे नामाभिधान काटेकोर नाही. ईश्वर नाही, असे सिद्ध करण्याचा त्यांचा आग्रह नव्हता. विश्वाचे आदिकारण मानवी बुद्धीला अगम्य आहे, एवढेच ते मानीत. ही अज्ञेयवादी भूमिका मुख्यतः हर्बर्ट स्पेन्सरची आहे. स्पेन्सरने मात्र या ‘अज्ञेया’च्या आधारे धर्म व विज्ञान यांचा समन्वय साधू पाहिला. आगरकरांना त्या समन्वयात रस नव्हता. त्यांनी स्पेन्सरचे समाजशास्त्र उचलले आणि त्याचा गूढ आदरभाव बाजूस ठेवला.

‘देवतोत्पत्ति’ या निबंधातील उपपत्ती त्याच समाजशास्त्रावर उभी आहे. स्वप्न, छाया व मृत्यू यांच्या अनुभवांतून आदिमानवाला प्रेतात्म्याची कल्पना सुचली आणि पूर्वजांच्या प्रेतात्म्यांपासून पुढे देवता निर्माण झाल्या, असे ती सांगते. उत्तरकालीन मानवशास्त्राने धर्माचे असे एकच मूळ मानण्याचे सोडून दिले आहे. शिवाय, एखादी समजूत भयातून वा अज्ञानातून उद्‍भवली, एवढ्यावरून ती असत्य ठरत नाही. आगरकरांच्या विवेचनाची ही दुबळी बाजू होय.

त्यांचे खरे बळ नीतिविचारात आहे. येथे मिल्‌चा प्रभाव स्पष्ट दिसतो. कर्तव्याचा आधार परलोकाचे भय नसून मनुष्याचे ऐहिक सुख होय, हे एकदा मान्य केले, की बालविवाह किंवा विधवांचे केशवपन यांच्या निषेधासाठी श्रुतिस्मृतींची संमती शोधावी लागत नाही. ईश्वरवादी न्यायमूर्ती रानडे सुधारणेला परंपरेचा आधार शोधीत. आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेल्या सुधारक पत्रातून बुद्धीलाच प्रमाण मानले. संमतिवयाच्या वादात (१८९१) त्यांनी कायद्याची बाजू घेतली, ती याच भूमिकेवरून.

पुढे वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जडवाद या ग्रंथात पाश्चात्त्य भौतिकवादाची मांडणी केली. तीत विश्वाच्या स्वरूपाविषयी ठाम निर्णय आहे. आगरकर तेथपर्यंत गेले नव्हते. त्यांच्या संयमाशी अधिक जवळचे नाते नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांच्या कार्याचे आहे. साताऱ्यात जन्मलेल्या आणि सांगली जिल्ह्यातील मिरजेस वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न समितीच्या कार्यक्रमाबाहेर ठेवून त्यांनी श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीस व शोषणास विरोध केला. तरीही धर्मद्रोहाचा आरोप त्यांना चुकला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे त्यांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी अधिनियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संमत झाला.