अरण्य, राक्षस आणि उपवर कन्या : ‘संगीत सौभद्र’मधील घटोत्कचाचे प्रयोजन

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीचा पाया अरण्यातील प्रेमकथेने घातला गेला. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि १८८२ मध्ये त्याच शहरात ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले. दोन्ही नाटकांत तरुण स्त्रीच्या प्रेमाचा महत्त्वाचा क्षण राजवाड्याबाहेर, तपोवनात वा रानात घडतो. एका कथेची नायिका अप्सरेची कन्या आहे, तर दुसरीच्या नायिकेला राक्षस उचलून नेतो. ‘सौभद्र’विषयीची चर्चा बहुधा पदे, चाली आणि विनोद यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात त्यातील घटोत्कच या पात्राच्या प्रयोजनाचा विचार केला आहे.

सुभद्राहरणाची पूर्वरूपे

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीतील आदिपर्व वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यातील कथेत रैवतकावरील उत्सवात अर्जुन सुभद्रेवर मोहित होतो. स्वयंवराचा भरवसा नाही, म्हणून तिचे बलाने हरण करावे, असा सल्ला कृष्ण देतो. त्यासाठी युधिष्ठिराची अनुमती घेतली जाते. सुभद्रेचे मन मात्र कोणीच विचारीत नाही. भागवताच्या दशमस्कंधात अर्जुन त्रिदंडी संन्याशाच्या वेषात द्वारकेत येतो आणि तेथे आकर्षण परस्पर आहे. किर्लोस्करांनी हा संन्यासी स्वीकारला व सुभद्रेच्या अनुरागाला नाटकाचा कणा बनविले. घटोत्कच मात्र या दोन्ही ग्रंथांतील सुभद्राहरणात नाही. तो नाटकाने आणलेला आहे.

घटोत्कचाचे प्रयोजन

बलरामाने सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरविला आहे. वडील भावाचा शब्द मोडून घराबाहेर पाऊल टाकणे कुलीन कन्येला शक्य नाही. टाकले तर कलंक तिच्याच माथी येणार. ही अडचण राक्षस दूर करतो. कृष्णाच्या योजनेनुसार घटोत्कच तिला उचलून अरण्यात नेतो आणि तेथे तिची व अर्जुनाची गाठ पडते. जी पळवली गेली तिला ‘तू का गेलीस?’ असे विचारता येत नाही. नाटककाराने सुभद्रेला इच्छा दिली, गळा दिला. पाऊल मात्र राक्षसाचे वापरले. रखमाबाईंवरील खटला (१८८४) आणि संमतिवयाचा कायदा (१८९१) यांपूर्वीच्या प्रेक्षकांसमोर मुलीची निवड निर्दोष ठरविण्याचा हा मार्ग होता. तो गळाही पुरुषाचाच होता. भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांनी सुभद्रा साकारली.

हिडिंबेचा विसर

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. घटोत्कच स्वतः अरण्यातील प्रेमाचे अपत्य आहे. आदिपर्वात भावाने पांडवांना मारण्यासाठी पाठविलेली हिडिंबा भीमाला पाहून प्रेमात पडते, भावाचा बेत त्याला सांगते आणि कुंतीपुढे आपली इच्छा स्पष्ट शब्दांत मांडते. तिला परवानगी मिळते ती अटींवर : दिवसा सहवास, रात्री भीमाला परत आणून सोडणे आणि पुत्रजन्मानंतर वियोग. स्वतःच्या पायांनी प्रेमाकडे चालत जाणारी ही तरुणी राक्षसी आहे, म्हणूनच तिचे धाडस कथेला पेलते. तिचा पुत्र मात्र क्षत्रियकन्येच्या प्रेमाचे वाहन होतो.

‘शारदा’शी तुलना

गो. ब. देवल यांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) अरण्य नाही आणि राक्षसही नाही. पैशाच्या लोभाने वृद्धाला मुलगी देऊ पाहणारा बाप आहे. लग्न मोडते ते शारदेच्या नकाराने नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्याने. त्यानंतर शारदा निघते ती जीव देण्यासाठी नदीकडे. पौराणिक आवरण काढून घेतल्यावर घराबाहेरची वाट किती अरुंद होती, हे या प्रसंगातून कळते.

निष्कर्ष

‘सौभद्र’मधील राक्षस हे केवळ अद्भुताचे वा करमणुकीचे साधन नाही. मुलीची इच्छा मान्य करायची, पण त्या इच्छेची कृती तिच्या नावावर लिहायची नाही, अशी ती तडजोड आहे. तिच्यामुळे मराठी प्रेक्षकाने सुभद्रेचे प्रेम आनंदाने स्वीकारले, हे तिचे यश होय. परंतु हिडिंबेचे धाडस त्याच रंगमंचाच्या पडद्याआड राहिले. ‘सौभद्र’ अभ्यासक्रमात शिकविताना ही दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.